आईंचे सोमवार आणि गुरुवार

३० डिसेंबर, सोमवार

डॉक्टर मेधा म्हणाल्या, आईंचं वजन आणि दिवसभरात प्यालेलं पाणी रोज लिहीत जा. त्यासाठी ही वही आणली. पुढच्या पानांवर ते आहे. मागच्या पानांपासून हे माझं. घरात माणसं आहेत, पण ज्याच्याशी बोलावं असं आज कोणी नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, सुलताना. आमच्या भरे गावात त्यांना या नावाने कोणी हाक मारत नाही, लहानथोर सगळे 'गिरणीवाल्या आई' म्हणतात. दोन्ही किडन्या गेल्याला दोन वर्षं होतील. सोमवारी आणि गुरुवारी मी त्यांना गाडीने बावधनला डायलिसिसला नेते, तिथे बसून राहते, परत आणते. गाडी शिकायलाही त्यांनीच लावलं. मी चाळिशी ओलांडलेली, क्लचवर पाय थरथरायचा. तर म्हणाल्या होत्या, "मी इंजिनाचं हँडल मारायला शिकले, तुला काय धाड भरलीय?"

आज परत येताना त्यांनी पिरंगुटच्या बाजाराशी गाडी थांबवायला लावली. मागे कंपनीच्या बस हॉर्न मारतायत आणि आईंनी काच खाली करून भाजीवाल्या शारदाला बोलावून घेतलं. तिचा हात धरून बसल्या. "सुनंचं बाळंतपण नीट झालं ना? बरं झालं." एवढंच. भाजी घ्यायचीच नव्हती. मी म्हटलं, आई, बीपी खाली गेलंय, घरी चला. "घर कुटं पळून चाललंय?" म्हणाल्या. मशीनवरून उठल्यावर त्यांना उंबरा ओलांडायला हात द्यावा लागतो, आणि वर गप्पा हव्यात.

संध्याकाळी अलाउद्दीन गिरणीवरून आले. (नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही. इथे लिहायला कोण अडवतंय?) आईंनी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं. मी भाकऱ्या करत होते. आईंचे शब्द कळले नाहीत. मग अलाउद्दीन एकदम मोठ्याने, "आई, हे परत तोंडातून काढायचं न्हाई." आणि ताटावर न बसता, चपला अडकवून गेले. बंद केलेली गिरणी परत चालू झाली. एवढ्या उशिरा कोणाचं दळण होतं कोण जाणे.

आईंना विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्यानं व्हायचं न्हाई."

म्हणजे माझ्या गाडी चालवण्याची तक्रार केली असणार. तू ने म्हणाल्या असतील, आणि गिरणी सोडून यांना जमत नाही. माझं काय चुकतं ते मला तोंडावर सांगत का नाहीत?

६ जानेवारी, सोमवार

आईंच्या हातातली शीर आता सुई घेत नाही. सिस्टरने तीनदा टोचलं. मशीन चालू असताना पायात गोळे आले, आई दात खाऊन पडून राहिल्या. ओरडल्या नाहीत, पण माझं मनगट असं धरलं की अजून बोटं उमटलीत.

डॉक्टर मेधांनी मला बाजूला घेतलं. हृदय कमजोर झालंय. मानेतून नळी घालावी लागेल. "घालू आपण," म्हणाल्या, "पण त्याने त्यांना बरं वाटेल असं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन यांना सांगितलं. "घालायला सांग." महाळुंग्याला नणंदेला, आर्शीला, फोन केला. "घाला ना भाभी, विचारता काय?" झालं. आईंना कोणीच विचारलं नाही. मीही नाही, ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

आज थांबा आशालताबाईंच्या दारात. त्या आमच्या गावच्या जुन्या बालवाडीच्या बाई. आई गाडीतून उतरल्या नाहीत, आशालताबाईच खाली वाकून बोलत होत्या. निघताना आई म्हणाल्या, "बाई, ही माझी रुही. काय लागलं तर हिला सांगायचं." वीस वर्षं मला ओळखतात त्या! वय झालं की माणसं असंच बोलतात बहुतेक.

१० जानेवारी, शुक्रवार

मानेत नळी घातली. आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून होत्या. पाणी दीड पेला. बर्फाचा तुकडा मागितला, दिला.

१६ जानेवारी, गुरुवार

आर्शी आली होती, सोबत तिचा नवरा शहाबाज. घरात शेजारपाजारचे तिळगूळ अजून होते. बऱ्याच दिवसांनी सगळे एका खोलीत जेवले आणि आईंच्या बोटाची गोष्ट निघाली. डाव्या करंगळीचं टोक त्यांना नाही, गिरणीच्या पट्ट्यात गेलं.

आर्शी म्हणते, अब्बा वारल्यावर चाळीस दिवसही झाले नव्हते. काकांनी गिरणीला गिऱ्हाईक आणलं होतं आणि ते बघायला येणार त्याच दिवशी आईंनी स्वतः इंजिन चालू केलं. पट्टा चढवताना बोट गेलं. गिऱ्हाईक आलं तेव्हा आई हाताला फडकं गुंडाळून दळत होत्या, आणि म्हणाल्या, गिरणी चालू हाय, इकायची न्हाई. यांनी मान हलवली. "असं काय न्हाई. ते वरसानंतर झालं. मी तिथं होतो. आई रडली होती." आर्शी म्हणाली, आई रडलेली मी जन्मात बघितली नाही. "तू लहान होतीस." "मग तू कितीसा मोठा होतास? दहा वर्षांचा." बघता बघता दोघांचे आवाज चढले. बोट राहिलं बाजूला. आईंना महाळुंग्याला फ्लॅटवर न्यावं, जवळ मोठं हॉस्पिटल आहे, रोज डायलिसिस करता येईल, असं आर्शीचं म्हणणं. "इथं भाभीच्या गाडीवर किती दिवस?"

मला लागलं ते.

आई म्हणाल्या, "मी हितंच बरी हाय." मग मला म्हणाल्या, "रुही, दही वाढ यांना." त्या दोघांचं बोलणं चालूच होतं.

२० जानेवारी, सोमवार

आज अक्षर वाईट येतंय.

मशीनवर आज आईंची शुद्ध गेली. सिस्टर धावल्या, पाय वर केले, सलाईन दिलं. डोळे उघडल्यावर त्यांनी पहिलं छताकडे बघितलं आणि "अजून हितंच हाय व्हय," असं म्हणाल्या. मला वाटलं, हॉस्पिटलात आहोत का असं विचारतायत. म्हटलं, हो आई, इथेच.

परत येताना भुकूमला ट्रॅफिक तुंबलेलं. आई म्हणाल्या, "रुही, आता बास."

मी एसी बंद केला.

"एसी न्हाई गं. हे. गुरवारी जायचं न्हाई."

मी म्हटलं, आई, असं कसं, न जाऊन कसं चालेल, गेलं नाही तर…

"व्हय, मरन," आईच म्हणाल्या. "डाक्टरीनबाईला मीच इचारलं. आठ-पंधरा दिस म्हणली. दुखू नये म्हणून औषध देते म्हणली."

"मी घरात काय सांगू?"

"तू काय बी सांगू नको. माझं मी सांगन. तू फकस्त गाडी चालीव."

मला राग आला. खरंच लिहिते, रडू नाही, राग आला. पोटचा मुलगा आहे, मुलगी आहे, आणि हे माझ्या गळ्यात का? मी तसं विचारलंही. आईंनी डोळे मिटले. "तुला गाडी येती म्हणून."

एवढीच माझी किंमत, ड्रायव्हरची.

२१ जानेवारी, मंगळवार

डॉक्टर मेधांना दुपारी परसात उभं राहून फोन केला. त्यांना सगळं माहीत होतं. "मी त्यांना वेगवेगळ्या दिवशी विचारलंय. दर वेळी तेच उत्तर. डोकं एकदम साफ आहे त्यांचं. हा निर्णय त्यांचा आहे, पण घरच्यांना कळायला हवं." मी म्हटलं, सांगते.

संध्याकाळी यांच्यापुढे चहा ठेवला तेव्हा मी तोंड उघडलं आणि विचारलं, साखर बरोबर आहे ना?

उद्या आई आपणहून बदलतील. गुरुवारी मी त्यांना मुकाट्याने बावधनला घेऊन जाणार.

२३ जानेवारी, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी नेहमीसारखी पिशवी भरली. फाइल, शाल, बिस्किटं. यांनी आईंना धरून गाडीत बसवलं, "पोचल्यावर फोन कर," म्हणाले. आईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. ते मागे सरकले, पीठ लागेल म्हणून.

घोटावडे फाट्याला आलो. मी डावीकडचा इंडिकेटर दिला. आईंनी गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "उजवीकडं. पौडाकडं." मी म्हटलं, नाही. मागे टेम्पोवाला शिव्या द्यायला लागला. आईंनी हात काढला नाही.

मी उजवीकडे वळले. मला कोणी जबरदस्ती केली नाही. मी वळले.

पौड गेलं, धरण आलं, रस्त्याकडेला पाणीच पाणी. आई काचेला टेकून बघत होत्या. त्यांचं माहेर तिकडे ताम्हिणीच्या वाटेला, एका वाडीत. भाऊ नाहीत, घर नाही, पण सारजाबाई आहे. दोघी लहानपणी एकत्र शेळ्या राखायच्या. सारजाबाई अंगणात भात वाळवत होती. एका डोळ्याने दिसत नाही तिला, तरी दारातूनच ओरडली, "सुलते! मेली न्हाईस व्हय अजून?"

"निघालेच हाय," आई म्हणाल्या. "म्हणलं वाटंत तुझ्याकडं जावं."

दोघी हसल्या. सारजाबाई हसता हसता थांबली, आईंच्या मानेतल्या नळीकडे बघितलं, आणि मग काही न विचारता घोंगडी आणून उन्हात टाकली.

"सारजे, पानी दे. तांब्या भरून."

दोन वर्षं मी त्यांना पेल्याने मोजून पाणी दिलंय. उन्हाळ्यात त्यांनी हात जोडले तरी दिलं नाही. मी उठले. आईंनी माझ्याकडे बघितलं. मी परत बसले. त्या थांबत थांबत, डोळे मिटून, सगळा तांब्या प्याल्या. हनुवटीवरून पाणी गळत होतं ते पुसलंसुद्धा नाही. मग नाचणीची भाकरी आणि सुकट खाल्ली, मिठासकट. मग दोघी जुनं काहीतरी बोलत राहिल्या. कोणाच्या लग्नात कोण चिखलात पडलं, असलं.

बोटाचंही आईंनी आपणहून काढलं. सारजाबाईला म्हणाल्या, "त्या दिशी मी गिरणी इकायलाच निघाले हुते. गिऱ्हाईकाला दाखवायला म्हणून इंजिन लावलं. बोट गेलं. मग वाटलं, एवढं दिल्यावर आता कशाला इकायची?" मला धक्का बसला. आमच्या घरात गेली चाळीस वर्षं ही गोष्ट उलटी सांगतात.

मधेच यांचा फोन आला, मी उठून गाडीपाशी गेले. "लावलं का मशीनला?" मी म्हटलं, हो.

तिन्हीसांजेला घरी पोचलो. आईंनी आत जायच्या आधी ओट्यावर बसूनच सांगितलं, "अलाउद्दीन, मी आज गेले न्हाई. आता जायची न्हाई. रुहीला बोलायचं न्हाई."

त्यांनी आईंकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "तू खोटं बोललीस."

आणि गिरणीवर गेले. तिथेच झोपणार आहेत असं कळलं.

२५ जानेवारी, शनिवार

आईंच्या पायांवर सूज. डॉक्टर मेधांनी नर्स पाठवली, औषधं समजावली. आमचा अरहान सांगलीहून, कॉलेजातून आला. त्याने आजीचे पाय चेपले.

आर्शीचा फोन. ती किंचाळत होती. तिचा दोष नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी अॅम्ब्युलन्स दारात. आर्शी, शहाबाज, स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं. शेजारच्या बायका ओट्याशी जमल्या.

मी दारात उभी राहिले. का राहिले माहीत नाही.

"भाभी, बाजूला हो."

"आधी आईंना विचार."

"तिला काय कळतंय आता? तू भरवलंस तिच्या डोक्यात. तुला सुटका पाहिजे!"

मी कधी कोणाशी भांडलेली नाही. आर्शी माझा दंड धरून आत शिरली. आई खाटेवर उठून बसलेल्या. धाप लागलेली, दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरलेली.

"आर्शे. कुटं न्यायला आलीस?"

"दवाखान्यात, आई. असं मरू देऊ का तुला? हे जीव देणंच झालं. अल्लाहला काय सांगशील?"

"अल्लाशी माझं मी बोलते. तू मधी पडू नको." मग बऱ्याच वेळाने, श्वास सापडल्यावर, "हितं बस. माझ्यापाशी बस. बसायचं सोडून गाड्या काय आणतीस?"

आर्शी उभीच. स्ट्रेचरवाली माणसं खाली बघत होती. गिरणी समोरच, वीस पावलांवर, दार सताड उघडं. आमचं सगळं बोलणं तिथे ऐकू जात असणार. गिरणी चालूच राहिली. ते आले नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा कधीच आला नव्हता.

अॅम्ब्युलन्स रिकामी गेली. शहाबाजही गेला. आर्शी राहिली, पण माझ्या हातचं पाणी घेत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आई बहुतेक वेळ झोपेत. जाग आली की क्षणभर ओळखतात. शारदा आली होती, आशालताबाई आल्या, आणि ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशा बायका. एक म्हणाली, आमच्याकडं पैसं नसलं की आई पीठ देताना म्हणायच्या, जा, गिरणीनं आज चुकून जास्त दळलं.

हे रात्री येतात. आई झोपल्यात याची खात्री करून दारातून आत येतात. गोधडी सारखी करतात, मुळात ती नीटच असते. मग निघून जातात. मी औषधं वेळेवर देते की नाही ते बघायला येत असावेत.

आज आईंनी दुपारी डोळे उघडून विचारलं, "तो जेवला का?" मी म्हटलं, हो. पुन्हा खोटं.

३ फेब्रुवारी, सोमवार

आई परवा गेल्या. शनिवारी, दुपारच्या अजानच्या सुमारास. त्यांचा एक हात आर्शीच्या हातात होता, एक माझ्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. आर्शी कलमा म्हणत होती, तिचा आवाज फुटला, मी पुढचा म्हटला.

अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन झालं. गावातली सगळ्या जातीपातीची माणसं खांदा द्यायला होती, असं अरहान सांगत होता. यांनी कबरीत उतरून आईंना ठेवलं.

आज जियारत, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा विधी. घर पाहुण्यांनी भरलेलं. फातिहा झाली, जेवणं चालू होती, आणि आर्शीला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या गुरुवारी भाभीनं गाडी बावधनला नेली असती तर आई आज इथं बसली असती."

वाढपाचं भांडं माझ्या हातात होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, खरंच आहे. वळले तर मीच होते.

हे पुरुषांच्या पंगतीतून उठले आणि मधल्या दारात येऊन उभे राहिले.

"आर्शी," म्हणाले, "आईनं आधी मला सांगितलं होतं."

कोणाला काही कळेना.

"डिसेंबरात. म्हणाली, मला आता हे सोसत न्हाई, तू माझ्या बाजूला उभा राहा. मी तिचं ऐकूनच घेतलं न्हाई. पळून गेलो. म्हणून तिला रुहीला सांगावं लागलं." त्यांनी दाराची चौकट धरली. "तू अॅम्ब्युलन्स घेऊन आलीस तवा मी गिरणीत होतो. सगळं ऐकलं. उठून येणं झालं न्हाई माझ्याच्यानं. रुहीला बोलायचं असंल तर आधी मला बोल."

आर्शी मटकन खाली बसली. मग उठून माझ्याकडे आली. मिठी वगैरे नाही मारली. माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि पुढची पंगत वाढायला लागली.

मी आत जाऊन दार लावून घेतलं. डिसेंबरात मला वाटलं होतं की त्या माझी तक्रार करतायत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी हे चहा घेता घेता म्हणाले, "तू त्या दिवशी आईला कुठं नेलं होतंस? मला तिथं ने."

मी चालवलं, ते शेजारी बसले. धरणापाशी त्यांनी विचारलं, "इथं काय म्हणाली?" मी म्हटलं, काही नाही, पाणी बघत होत्या. थोड्या वेळाने परत, "आणि इथं?" मी आठवेल ते सांगत गेले. तांब्याभर पाण्याचंही सांगितलं. बोटाचंही सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे ती रडली होती ते खरं."

वाडीत पोचलो. सारजाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. मला ओळखलं, आणि मी एकटीच उतरले हे बघून सूप खाली ठेवलं. "गेली?" "गेल्या, मागच्या शनिवारी." तिने पदर तोंडाला लावला, जराशाने काढला. तेवढ्यात हे गाडीतून उतरले. अंगणाच्या कडेलाच थांबले. पुढे यावं की नाही असं.

"ह्यो कोन?"

"आईंचा मुलगा."

सारजाबाई उठली. जवळ जाऊन, चांगल्या डोळ्याने त्यांचा चेहरा नीट बघून घेतला.

"अलाउद्दीन व्हय. ये. म्हणलीच हुती ती. माझा ल्योक यील म्हणली. उशीर करंल, पर यील. आला की त्याला रागवू नको म्हणली."

त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"लई काय काय म्हणली," सारजाबाई म्हणाली. "बस आधी. उभ्या उभ्या सांगू व्हय?"

ते तिथेच, धुळीत, मांडी घालून बसले.